कौशीचा बोकड

खेळ रंगात आलेला असताना तंबूतून कुणी उठून बाहेर गेलं, की उस्ताद हातातल्या दोऱ्या शेजारच्याच्या हातात कोंबायचे आणि मागच्या कनातीतून निघून त्या माणसाच्या मागे पळत सुटायचे. पोखर्णीच्या जत्रेत मी हे पहिल्यांदा पाहिलं. धोतरातला एक म्हातारा शेतकरी पुढे, अंगानं दांडगे उस्ताद मागे, आणि त्यांच्या मागे काय चाललंय ते अजिबात न कळलेला मी.

"थांबा हो पाव्हणं! का उठलात?"

म्हातारा घाबरला. खिशातून त्यानं चुरगळलेलं तिकीट काढून पुढे धरलं. "तिकीट काढलंय की बापा. चोरून न्हाई बसलो."

"तिकिटाचं मरू द्या. खेळात काय खटकलं तेवढं सांगा."

"खेळ ब्येस हाय हो. घरी म्हैस वरडत आसंल. धारंची येळ झाली."

उस्तादांचा चेहरा असा खुलला, की जणू म्हाताऱ्यानं त्यांना शालच पांघरली. परत येताना मला म्हणाले, "खेळात खोट न्हाई. म्हैस हाय." आणि दुसऱ्या दिवसापासून धारा काढून, जेवणं उरकून माणसं येतील अशा बेतानं त्यांनी खेळाची वेळ लावून घेतली. जे शेवटपर्यंत बसत आणि टाळ्या वाजवत, त्यांच्याकडे मात्र ते ढुंकूनही बघत नसत. "टाळी काय," म्हणायचे, "डासालाबी पडती."

आमची कंपनी कळसूत्री बाहुल्यांचे खेळ करायची. मोठा तंबू, ट्रक, जनरेटर, कर्णे लावलेली जीप, आणि तीन सख्खे भाऊ मालक. तिघांच्या बायका, पोरं, सासवा, मेहुणे असं अख्खं बिऱ्हाड तंबूमागे चुली मांडून असायचं. जिंतूरपासून गंगाखेडपर्यंत ज्या गावाला जत्रा किंवा मोठा बाजार, तिथं आम्ही. जीपच्या दोन्ही अंगांना रंगवलेलं होतं, 'सहकुटुंब पाहावा असा खेळ'. बाहुल्या कोरायच्या, गोष्ट रचायची, दोऱ्या धरायच्या, हे सगळं उस्तादांचं. आवाज आम्हा चारपाच जणांचे.

मी त्या आवाजांपैकी एक. बी.ए.चं दुसरं वर्ष मला इतकं मानवलं होतं की मी तिथून हलायला तयार नव्हतो. शेवटी वडिलांनीच हलवलं. थोरल्या मालकांनी माझी परीक्षा घेतली ती अशी. "कुत्रं कर." केलं. "म्हातारी कर." केली. "बोकड कर." मी बोकड केला आणि बिऱ्हाडातली शेळी दावं ताणून उभी राहिली. नोकरी पक्की झाली. पुढे माझं लग्न ठरवताना वडिलांनी सोयऱ्यांना 'मुलगा कंपनीत आहे' एवढंच सांगितलं होतं. कंपनीत मुलगा नेमकं काय करतो हे बायकोला हळद लागल्यावर कळलं. ती ते अजून काढते, आणि तिचं काही चुकत नाही.

उस्तादांचा एक कायदा होता. पाहिलेला नाही असा चेहरा ते कोरत नसत. राजा हवा असेल तर परभणीच्या एसटी स्टँडवर जाऊन बसायचे आणि राजा येईपर्यंत उठायचे नाहीत. अशा वेळी त्यांच्या शेजारी बसणं म्हणजे मोठं संकट. कुणाचं नाक आवडलं की ते टक लावून बघत राहत, डोळा बारीक करून हवेतच बोटांनी त्याची लांबी घेत. बायकांकडे बघायची वेळ आली की मी आधीच पाणी प्यायला उठायचो.

एकदा त्यांना एका हवालदाराचे कान आवडले.

"काय बघायलास रे?" हवालदार जवळ येऊन म्हणाला.

"कान."

"कुणाचे?"

"तुमचेच, साहेब. राजाचे कान हायेत."

अर्धा दिवस उस्ताद चौकीत बसून होते. थोरल्या मालकांनी जाऊन सोडवून आणलं, वर हवालदाराला सहकुटुंब पास दिले. हवालदार आला. राजा रंगमंचावर आला, कान आले, आणि पहिल्या रांगेत हवालदाराची बायको तोंडाला पदर लावून अशी हसायला लागली की राजाचं भाषण कुणाला ऐकू आलं नाही. खेळ संपल्यावर हवालदार मागे आला. राजाचा कान त्यानं बोटात धरून पाहिला. "जरा मोठे झालेत का?"

"न्हाई साहेब," उस्ताद म्हणाले, "मी कमीच केलेत."

बाहुली हा शब्द त्यांना चालायचा नाही. 'माणसं' म्हणायचं. "माणसं वाळत घाला," "ह्या माणसाचा गुडघा बघा कसा कुरकुरायलाय." जकात नाक्यावर शिपायानं विचारलं, "पेट्यांत काय हाय?" तर उस्ताद ट्रकच्या फळीवरून शांतपणे म्हणाले, "माणसं." पुढचा तासभर आम्ही सगळ्या पेट्या रस्त्यावर उघडून दाखवत होतो.

आणि या सगळ्या माणसांत एक होती कौशी. आठनऊ वर्षांची वाटावी अशी पोर, तेलकट वेण्या, जरा पुढे आलेले दात, आणि बघणाऱ्याच्या खांद्यावरून पलीकडे बघणारे डोळे. तिला आवाज उस्ताद स्वतः द्यायचे. एरवी त्यांचा आवाज म्हणजे रिकामा पिंप ओढल्यासारखा. पण कौशी बोलायला लागली की तंबूतल्या बाया पोरगी कुठे बसलीय ते बघायला माना वाकड्या करायच्या. हा चेहरा कुठं पाहिला, असं आम्ही खूपदा विचारलं. ते कधी सांगायचे नाहीत. "दिसली हुती," एवढंच.

कौशीच्या गोष्टीसाठीच मला घेतलं होतं. आमच्याकडे नवस फेडायला कंदुरी करतात. बोकड देवाला द्यायचा आणि भावकीला जेवू घालायचं. कौशीचा धाकटा भाऊ तापानं फणफणतो, बाप कंदुरी बोलतो, पोरगं बरं होतं. बापानं आणलेलं एवढंसं करडू कौशी वर्षभर वाढवते. मग एक दिवस त्याला हळदकुंकू लावतात, गळ्यात हार घालतात आणि गाडीत घालून जत्रेला नेतात. बोकडाला वाटतं आपला सत्कार आहे. सगळ्या वाटेनं तो भाषणाची तयारी करतो, बंद पडलेल्या एसटीला नावं ठेवतो, सरपंचाच्या मिशा आपल्या दाढीपेक्षा बारीक असल्याचं कौशीच्या कानात सांगतो. मग अंधार. उजेड होतो तेव्हा कौशी एकटी दारातून आत येते. हातात नुसतं दावं. रोजच्या जागी, रोजच्या खुंट्याला, ती ते बांधून ठेवते. संपलं.

रंगीत तालीम मालकांसमोर परभणीत झाली. सत्काराच्या भाषणाला थोरले मालक पोट धरून हसले. शेवट झाला. मग उपरण्यानं डोळे पुसले आणि म्हणाले, "उस्ताद, लय चांगलं केलात. शेवट काढा."

"काढा म्हंजे?"

"बोकड मरायला नको. मी रडलो म्हणून सांगायलोय. हसलेला माणूस उद्या शेजाऱ्याला घेऊन येतो. रडलेला घरी जाऊन झोपतो."

"मालक, मग गोष्ट कशाची ऱ्हायली?"

"बोकडाची. गाडीतून उडी मारू द्या त्याला, नाचू द्या. पोरं खूश, आयाबी खूश."

उस्तादांनी तिथल्या तिथे दोन पायांवर नाचणारा बोकड करून दाखवला. तोही इतका झकास, की मालकांचे भाऊ उठून नाचायला लागले. दोऱ्या गुंडाळता गुंडाळता उस्ताद एवढंच म्हणाले, "आज काढतो. टाकून देत न्हाई."

पुढं जे झालं त्याला मीही थोडा कारण आहे, कारण बोकड माझ्या तोंडातून ओरडायचा. पोरं त्याच्यावर लुब्ध झाली. थोरल्या मालकांनी त्याचं 'बादशहा' असं नाव ठेवलं आणि जीपवर चितारून घेतलं. उस्तादांनी त्याला नाव ठेवलं नव्हतं. "ज्याला न्यायचंय त्याला नाव कशाला?" म्हणाले होते. पण आता न्यायचं कुठं होतं? उलट बादशहाच सगळीकडे जायला लागला. वनवासाला निघालेल्या राजपुत्राच्या मागे बादशहा. लढाईत सेनापतीच्या घोड्याशेजारी बादशहा. एका खेळात सती जाणाऱ्या राणीला तो कोपऱ्यातून डोळा मारायचा. मग फाटकाजवळ मातीचे बोकड विकायला आले, शेपटीत शिट्टी असलेले. खेळ चालू असताना तंबूभर शिट्ट्या, आणि त्यात मी घसा फोडून 'बें' करतोय. उस्ताद म्हणायचे, "आता तुमची तरी गरज काय? पोरंच करायलीत की."

खोटं कशाला सांगू, मला बरं वाटायचं. हॉटेलात गेलो की गल्ल्यावरचा म्हणायचा, "एकदा करा की," आणि चहा फुकट. एवढी कीर्ती मला पुन्हा लाभली नाही.

घरात ही गोष्ट सांगताना माझी पुतणी हटकून विचारते, "काका, म्हणजे ते मालक दुष्ट होते का?" नव्हते. कुणाचं पोर आजारी पडलं तर थोरले मालक स्वतः जीप काढायचे. माझ्या लग्नात जेवणाची सगळी भांडी कंपनीची होती, आणि वाढायला तिन्ही भाऊ. ते फक्त खेळ सुटताना फाटकाशी उभे राहून पोरांचे चेहरे बघायचे. पोर आईचा पदर ओढून काय मागतंय, तेवढ्यावर उद्याचा खेळ ठरायचा. उस्ताद मधेच उठलेल्यांच्या मागे पळायचे आणि मालक परत येणाऱ्यांची वाट बघायचे. दोघांचंही आपापल्या जागी बरोबर होतं. पण तंबू मालकांचा होता.

दरसाल नवा हंगाम सुरू होताना उस्ताद विचारायचे, "औंदा करू का तो शेवट?"

"पुढल्या वर्षी बघू, उस्ताद. चुली बघा किती पेटत्यात मागं."

आणि दुपारी, सगळे उन्हानं गपगार पडलेले असताना, रिकाम्या रंगमंचावर ते एकटेच शेवट करत असायचे. मी कितीदा चोरून पाहिलं. बाहुलीनं नाचणं सोपं असतं. लढणंसुद्धा. पण लाकडी हातानं, वरून दोऱ्यांवर, खुंट्याला दावं गुंडाळून गाठ मारायची म्हणजे थट्टा नव्हे. दावं घसरायचं. उस्ताद पुन्हा उचलायचे. ती गाठ जमायला त्यांना काही वर्षं लागली, आणि जमली तेव्हा बघायला कुणी नव्हतं.

मग ते राणीसावरगाव आलं.

विद्यापीठाच्या नामांतराची वर्षं होती. आज मोर्चा, उद्या बंद. कुठं रस्त्यावर टायर जळायलेत, कुठं एसटी उभी. त्या दिवसांत गावागावांतून ओळखीची माणसंसुद्धा एकमेकांना टाळून, मान खाली घालून जायची. राणीसावरगावची जत्रा आटोपली, तंबू काढायच्या आत बंद लागला आणि ट्रक जागच्या जागी राहिले. तिन्ही मालक पुढच्या मुक्कामाची परवानगी काढायला परभणीला गेलेले. ते तिकडेच अडकले. तंबूत आम्ही कामाची माणसं, आणि बाहेर करायला काही नसलेलं गाव.

"आज खेळ करू," उस्ताद म्हणाले. "तिकीट न्हाई."

जनरेटरवाला म्हणाला, "मालकाला काय सांगायचं?"

"सांगा, उस्ताद येडा झालाय. पटंल त्येंना."

फाटक सताड उघडं टाकलं. माणसं आधी आत डोकावली, मग बसली. एका अंगाला गाव बसलं, एका अंगाला गावाबाहेरची वस्ती. मधे बैलगाडी जाईल एवढी वाट मोकळी राहिली. ती कुणी ठेवायला सांगितली नव्हती. खेळ सुरू होईतोवर त्या वाटेवरून फक्त एक कुत्रं गेलं.

सत्काराच्या भाषणाला दोन्ही अंगांनी हसू आलं. आधी दबकत, मग मोकळं. मी त्या दिवशी बोकडाला असं काही बोलवलं की स्वतःवरच खूश होतो. मग अंधार झाला आणि माझं काम संपलं. मी रंगमंचावरच्या, दोऱ्या धरायच्या फळीवरून खाली उतरून कनातीच्या फटीतून बघायला लागलो.

कौशी आली. दारात जरा थांबली. खुंट्याजवळ गेली. दावं गुंडाळलं, ते घसरलं. पुन्हा गुंडाळलं. गाठ बसली. मग तिनं गाठ नीट बसलीय का ते ओढून पाहिलं. हे ओढून बघणं तालमीत कधीच नव्हतं.

टाळी नाही. डास मारायलासुद्धा कुणी हात उचलला नाही. आणि कुणी उठेना. उस्ताद बोटांत दोऱ्या तशाच अडकवून पडद्यामागून बाहेर आले. उठून जाणाऱ्यांमागे पळायची सवय असलेल्या माणसाला न उठणाऱ्यांचं काय करायचं ते सुचेना.

मग एक म्हातारी बसल्या जागेवरून म्हणाली, "पोरगी जेवली का?"

"काय मावशी?"

"कंदुरीचं जेवन. जेवली का न्हाई ती?"

उस्तादांनी वळून मागे पडद्याकडे बघितलं, कौशी होती तिकडे.

"जेवावं लागतंय रे बापा," म्हातारी म्हणाली. "देवाचं आसतंय, न्हाई म्हनता येत न्हाई. मी बी जेवले हुते. मी बी पाळलेला हुता." आणि पदर सावरून ती उठली. मग सगळे उठले. बाहेर पडताना ती मधली वाट राहिली नाही. फाटक एकच होतं.

ती म्हातारी कोणत्या अंगाला बसली होती, ते मी पुष्कळ वेळा आठवून पाहिलं आहे. आठवत नाही.

पुढचे कित्येक दिवस उस्ताद आम्हाला धरून विचारत होते. दाढी करताना, पेट्या बांधताना, मधेच. "काय वाटतं तुमाला? जेवली आसंल का ती?"

बंद उठला, मालक परत आले. फुकट खेळाचं कळल्यावर ओरडतील म्हणून आम्ही तयारीत होतो. पण वाटेत गंगाखेडलाच त्यांना चार जणांनी सांगितलं होतं, की तुमच्या खेळानं गाव रडवलं म्हणे. थोरले मालक सरळ उस्तादांपाशी आले आणि त्यांचे दोन्ही हात धरले.

"चूक माझी झाली, उस्ताद. इतकी वर्सं दाबून ठेवलं. आता रोज हाच शेवट."

उस्तादांचे डोळे भरून आले. ते खरोखरच आनंदले होते, हे मी पाहिलं आहे. दोन दिवसांनी त्यांनी जीपवरचा कर्णा ऐकला. "रडायला या! रुमाल घेऊन या! कौशीचं दुःख, बादशहाचं बलिदान! दगडालाही पाझर फोडणारा, सहकुटुंब पाहावा असा खेळ!" आवाज माझा होता. मालकांनी कागदावर लिहून दिलं होतं. 'दगडालाही' हे मी माझ्या पदरचं घातलं होतं.

फाटकाशी आता रुमाल विकायला आले, कोपऱ्यात बोकडाचा छाप असलेले. शेवटाला पेटी आणि सारंगी लागली. कौशी दारात आली रे आली, की पेटीवाला भाता ओढायचा. लोकांना आधीच ठाऊक असायचं. गाडी निघायच्या आतच रुमाल बाहेर यायचे. बोकड सत्काराचं भाषण करतोय आणि पुढच्या रांगेत मुसमुसणं चालू. मागच्या रांगेतली पोरं आयांच्या नकला करून हसायची. तंबू भरून वाहायला लागला. उठून कुणीच जात नव्हतं, त्यामुळे उस्तादांना विचारायलाही कुणी उरलं नाही.

असा हा खेळ फिरत फिरत बोरीला आला.

बाजाराच्या दिवशी उस्ताद मला म्हणाले, "चला जरा." एका पिंपळापाशी, भाजीवाल्यांच्या मागे, ते उभे राहिले.

"इथं उभी हुती."

"कोण?"

"ती. दावं घेऊन. मी तवा दुसऱ्या कंपनीत हुतो. बाप आत कुनाशी बोलत हुता. ही दावं गुंडाळायची, सोडायची. मी विचारलं, काय गं बाई, शेळी पळाली का? तर म्हनली, न्हाई. पोचवून आले." उस्तादांनी बाजारावर नजर फिरवली. बायांची गर्दी होती. "आता तिला लेकरं आसतील. कुठं दिली आसंल, का हितंच आसंल, कुनाला ठावं."

"येईल की मग खेळाला," मी म्हणालो. मला वाटलं त्यांना बरं वाटेल.

"हां," म्हणाले. "रुमाल घेऊन."

संध्याकाळी तंबू खच्चून भरला. बोकडाचं भाषण झालं, हुंदके झाले, अंधार झाला. माझं काम संपलं म्हणून मी मागे चहाचा कप तोंडाला लावला होता. कौशी दारात आली. पेटी सुरू झाली. ती खुंट्याजवळ गेली. आणि दावं बांधायच्या ऐवजी ती वळली आणि बाहेर बघून तिनं हाक मारली, "ये की रं! दारात काय हुबा ऱ्हायलास?"

चहा माझ्या नाकात गेला. मी पळत जाऊन फळीवर चढलो. उस्तादांनी एका हातानं बोकडाच्या दोऱ्या ओढून घेतल्या होत्या. मला त्यांनी भुवईनं खूण केली.

"बें," मी म्हणालो. दुसरं सुचलंच नाही.

"सत्कार झाला का?"

"झाला," मी बोकडाच्या तोंडून म्हणालो. "लय लांबला."

"जेवलास का?"

"न्हाई. तू?"

"तुझ्यासाठी थांबलेय की," कौशी म्हणाली, आणि बोकड आत आला आणि तिच्या मांडीवर डोकं ठेवून बसला. पेटीवाला अजून रडकाच सूर ओढत होता. पडदा.

तंबूत काय झालं ते सांगायलाच हवं. गोंधळ झाला. हातात रुमाल धरून बसलेली माणसं उठली. "मेला न्हाई की!" "आमच्या सोयऱ्याला रडवलं आन आमाला असंच?" एकजण फाटकाशी जाऊन म्हणाला, "रडवलं न्हाई, पैसे वापस करा." धाकट्या मालकांना पुढच्या खेळाचे पास वाटावे लागले. त्या गर्दीत उस्ताद कुणाकडे तरी बघत होते. मी त्यांच्या नजरेमागे बघितलं. बायांच्या बाजूला पुष्कळ जणी होत्या. काही हसत होत्या. एकदोघी बसूनच होत्या. एवढंच दिसलं.

थोरले मालक मागे आले तेव्हा आवाज चढवला नाही. ते नुसते थकलेले दिसत होते. "उस्ताद, हसवलं तरी तुमाला राग, रडवलं तरी राग. करू काय मी?"

"मालक, इकू नका म्हनलो न्हाई मी. लोक येन्याआधी त्येंचं रडू इकू नका."

"न सांगता कोन येतंय?"

"राणीसावरगावला आले हुते."

"तिथं बंद हुता, उस्ताद! तंबू रोज बंदावर चालत न्हाई!"

यावर उस्ताद हसले. मालकही हसले. दोघांनाही दुसऱ्याचं खरं वाटत होतं, हाच तर घोळ होता. शेवटी मालक म्हणाले, "उद्यापास्नं मरू द्या त्याला. लोकांना वचन दिलंय."

"मी न्हाई आता न्यायचो त्याला," उस्ताद म्हणाले. "घरी आलाय तो."

सकाळच्या एसटीनं ते निघाले. मालकांनी चहा दिला, रहा म्हणाले, दोनदा म्हणाले. मग पेटी उघडून कौशीला काढून त्यांच्या हातात दिलं. "घेऊन जा. तिच्यासाठी कोन येतंय? लोक बादशहासाठी येत्यात." मालकांना ते मोठ्या मनानं केल्यासारखं वाटत होतं, आणि होतंही. उस्तादांनी कौशीला धोतराच्या फडक्यात गुंडाळलं. मी स्टँडपर्यंत गेलो. काहीतरी बोलायला हवं होतं, मी म्हणालो, "जेवून तरी जायचं हुतं." एसटी आली. ते कुठे गेले, पुढे काय केलं, मला शेवटपर्यंत कळलं नाही. परभणीच्या स्टँडवर अजूनही कुणी माझ्याकडे टक लावून बघायला लागलं की मला आधी आशा वाटते आणि मग कळतं की शर्टाची बटणं चुकली आहेत.

त्या संध्याकाळी खेळ झालाच. वचन दिलेलं होतं, पण दावं घेऊन परत यायला कौशीच नव्हती. म्हणून मालकांनी ठरवलं, नुसता बादशहा, भाषण आणि नाच. दोऱ्यांवर नवा माणूस होता. बोकड उड्या बऱ्या मारत होता. भाषणात एका जागी मी सवयीनं हाक मारली, "कौशे!" आणि गप्प झालो. तिथं ती बोलायची. वर फळीवर माझ्या शेजारी नेहमी उस्तादांचा श्वास ऐकू यायचा, मग तो आवाज. मी वाट बघत राहिलो. बोकडही मान वळवून तसाच उभा. नव्या माणसाला पुढे काय करायचं ते ठाऊक नव्हतं.

तंबूतली पोरं माना उंच करून बघायला लागली. मग कुणीतरी फिस्सकन हसलं, आणि मग टाळ्यांचा कडकडाट.

खेळ सुटल्यावर थोरले मालक मागे आले, माझ्या पाठीवर थाप मारली. "ते मधीच थांबलास ना, लय झकास झालं. पोरं कशी बघायलीत! रोज तेवढं थांबत जा."

कंपनी होती तोवर मी रोज तिथं थांबत गेलो. मालकांना वाटायचं, त्यांनी सांगितलं म्हणून.